स्वस्तातला पहिला वर्ग

दिल्ली विद्यापीठाच्या पाठीमागे जी खडकाळ टेकडी पसरली आहे, तिच्या माथ्यावर एका मराठी माणसाचे नाव दीडशेहून अधिक वर्षे टिकून राहिले आहे. हिंदूराव घाटगे हे कागलच्या घाटग्यांपैकी. सर्जेराव घाटग्यांचे पुत्र आणि दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांचे बंधू. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ साली खून झाला. त्यानंतर टेकडीवरचा त्याचा प्रशस्त वाडा हिंदूरावांकडे आला आणि त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. १८५७ च्या रणधुमाळीत तो इंग्रज फौजेचे ठाणे झाला आणि कालांतराने तेथे रुग्णालय आले. आज दिल्लीतला रिक्षावाला ‘हिंदूराव’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात कोणी सरदार नसतो. रुग्णालयाचा थांबा असतो.

सेवानिवृत्तीनंतर मी या टेकडीच्या पायथ्याशी राहतो आणि रोज सकाळी त्या बाजूने फिरावयास जातो. एका गोष्टीचा विचार मी अनेक दिवस या वाटेवर केला. तो विषय प्रथम सांगितला तर वाचकांना हसू येईल, तरीही सांगतो. दूरच्या परदेशप्रवासासाठी विमानातला पहिला वर्ग स्वस्तात मिळावा अशी इच्छा धरणे योग्य आहे काय? हा प्रश्न नीतिशास्त्राचा नसून ग्राहकाच्या चातुर्याचा आहे, असे मलाही आरंभी वाटले होते. परंतु आपल्यासारख्या, आयुष्यभर सरकारी दौऱ्यांवर हिंडलेल्या माणसांच्या बाबतीत तो तितका सरळ नाही.

प्रसंग असा घडला. आमची कन्या अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहते. २०१८ साली तिच्याकडे जाण्याचे ठरले. दिल्लीहून थेट विमान सुमारे सोळा तासांचे. माझ्या पत्नीच्या पाठीच्या कण्यावर त्याआधी वर्षभर शस्त्रक्रिया झालेली. डॉक्टरांनी स्पष्ट बजावले, की यांना एवढा वेळ बसवू नका. आडवे होता आले पाहिजे. विमानात आडवे होणे म्हणजे पुढच्या वर्गात बसणे, आणि पुढच्या वर्गाचे भाडे मागच्याच्या कित्येक पट. आजवर असले भाडे मी कधी मोजलेच नव्हते. माझे तिकीट कार्यालय काढीत असे, आणि मी कोठे बसावयाचे ते माझी श्रेणी ठरवीत असे. निवृत्तिवेतनाच्या रकमेतून मोजू लागलो तेव्हा प्रथमच कळले, की आपण इतकी वर्षे किती महाग बसत होतो.

शेजारचा एक तरुण या शास्त्रात पारंगत निघाला. त्याने मला चार दिवसांत पुष्कळ शिकविले. एकाच विमानाचे, एकाच आसनाचे भाडे प्रवास कोणत्या शहरापासून सुरू केला यावर बदलते. म्हणून काही हुशार प्रवासी आधी शेजारच्या देशात जातात आणि तेथून उलट आपल्याच गावावरून उडत पुढे जातात. विमान सुटण्याच्या आधीच्या दिवसांत पुढची आसने रिकामी राहणार असे दिसले, की काही कंपन्या मागच्या वर्गाच्या प्रवाशांकडून बोली मागवितात. एखाद्या वेळी कंपनीच्या हातून भाडे लिहितानाच चूक होते. २०१९ च्या नववर्षदिनी हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकने व्हिएतनामहून अमेरिकेस जाणारी वरच्या वर्गांची तिकिटे अशीच चुकून मातीमोलाने विकली, आणि पुढे आपला शब्द पाळलाही. शेवटी, वारंवार प्रवास करणाऱ्याच्या नावावर कंपनी गुण जमा करते आणि त्या गुणांच्या मोबदल्यात आसन देते. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली सुरू केलेली ही प्रथा आता सगळ्या जगाने उचलली आहे.

मी शोध सुरू केला तो पत्नीच्या पाठीसाठी. पंधरा दिवसांनी मला माझ्यातच एक फरक जाणवला. रात्री अकरा वाजता मी पडद्यासमोर बसलेला असे आणि पाहत असे ती आसनांची लांबी नव्हे. कोणत्या कंपनीत जेवण चिनी मातीच्या ताटात वाढतात, विमानतळावरची कोणती विश्रांतिका अधिक शोभिवंत आहे, उतरताना आधी कोणाला सोडतात, हे मी पाहत होतो. पाठीचा शोध मानाच्या शोधात केव्हा मिसळला ते मला कळले नाही. निवृत्त झाल्यावर गाडी गेली, शिपाई गेला, दारावरची पाटी गेली. त्या सगळ्याची भरपाई सोळा तासांपुरती तरी करून घ्यावी, आणि तीही सवलतीच्या दराने, अशी काहीतरी ती वासना होती.

तेव्हा प्रथम हे दोन हेतू वेगळे केले पाहिजेत. थकल्या शरीराला पाठ टेकावयास जागा हवी, ही गरज आहे. तिच्यात लाजण्यासारखे काही नाही आणि ती कमी खर्चात भागली तर आनंदच आहे. मान ही मात्र वेगळी वस्तू आहे. पुढच्या आसनाचा मान मागच्या आसनावर अवलंबून असतो. मागे कोणी नसेल तर पुढे बसण्यात अर्थ उरत नाही. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले, तेव्हा त्यात पस्तीस प्रवासी होते आणि वर्ग एकच. त्या विमानात बसणे हाच मान होता. सारी उरलेली जनता जमिनीवर होती. पुढे १९५२ साली अटलांटिकवर टूरिस्ट वर्ग आला, १९५८ साली इकॉनॉमी आला, आणि जमिनीवरची माणसे विमानात चढू लागली. त्याबरोबर विमानात पडदा आला.

या पडद्याचे मर्म विमाने निघण्याच्या कितीतरी आधी एका फ्रेंच अभियंत्याने ओळखले होते. झ्यूल द्युप्युई याने १८४९ साली रेल्वेच्या भाड्यांविषयी लिहिताना एक प्रश्न विचारला: तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर का नसते? छपराला खर्च थोडा लागतो. कंपनीला गरिबांविषयी आकसही नसतो. पण छप्पर घातले तर ज्याला दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडते तोही तिसऱ्यात बसेल. म्हणजे गरिबाला भिजविण्यात कंपनीचा हेतू गरिबाला भिजविणे हा नसून श्रीमंताला भिववणे हा असतो. १९५८ साली अटलांटिकवरच्या इकॉनॉमी प्रवाशांना केवळ सँडविचेच द्यावीत असे विमान कंपन्यांनी आपसांत ठरविले होते. काही युरोपीय कंपन्यांनी त्या पावावर इतके पदार्थ रचले, की इतरांनी तक्रार केली! भुकेल्याला चांगले जेवण मिळाले, हा तक्रारीचा विषय झाला. २००९ साली काटकसर म्हणून केंद्रीय मंत्र्यांनी मागच्या वर्गाने प्रवास करावा असे ठरले, तेव्हा एका राज्यमंत्र्यांनी वापरलेल्या ‘गुरांचा वर्ग’ या शब्दप्रयोगावरून देशभर गदारोळ उठला. शब्द अनुचित होताच. पण त्या वर्गातल्या जागा इतक्या अरुंद का, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा कोणी विचारला नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. वर्ग नको म्हणणे सोपे आहे. पण आपल्या देशात वर्गाची नावे बदलण्यापलीकडे आपण काय केले? दख्खनची राणी १९३० साली सुरू झाली ती केवळ पहिल्या आणि दुसऱ्या वर्गानिशी. तिच्यात तिसरा वर्ग यावयास १९५५ साल उजाडले. पुढे १९७४ साली रेल्वेने तिसरा वर्ग रद्द केला, म्हणजे त्याला दुसरा म्हटले. हा आक्षेप मला मान्य आहे. वर्ग नाहीसे व्हावेत असे मी म्हणत नाही. तेवढा अधिकार किंवा धैर्य माझ्याजवळ नाही. माझा मुद्दा लहान आहे. जी वस्तू महाग आहे ती मला स्वस्तात मिळाली, तर उरलेले भाडे कोणी भरले, एवढे मी पाहिले पाहिजे.

ही कसोटी लावली की शेजाऱ्याने शिकविलेल्या युक्त्या आपोआप वेगवेगळ्या होतात. रिकाम्या आसनासाठी लावलेली बोली निर्दोष आहे. ते आसन कोणी घेतले नाही तर तसेच उडणार. मी थोडे देऊन बसलो तर कंपनीला थोडे मिळते, मला पाठ टेकावयास मिळते आणि कोणाचे काही जात नाही. दुसऱ्या शहरातून प्रवास सुरू करणे हेही निर्दोष. त्यात जास्तीचे कष्ट माझे मलाच पडतात. चुकीच्या भाड्याची गोष्ट निराळी. वाण्याने शंभराची नोट पाचशेची समजून सुटे परत दिले, तर आपण ती रक्कम परत करतो. वाणी मोठा असला म्हणून नियम बदलत नाही. मात्र चूक कळल्यावर कंपनी स्वतः होऊन शब्द पाळत असेल, तर ती तिची उदारता आहे. तिचा स्वीकार करावा. तिच्यावर हक्क सांगू नये.

राहिले गुण. येथे माझी खरी परीक्षा होती.

माझ्या नावावर एका विमान कंपनीचे पुष्कळ गुण साठलेले होते. शेजाऱ्याने हिशेब करून सांगितले, की तेवढ्यात दोघांची पुढची आसने सहज निघतील. मला क्षणभर लॉटरी लागल्यासारखे वाटले. त्यानंतर आठवले, की त्यांतला जवळजवळ प्रत्येक गुण सरकारी दौऱ्यातला आहे. केंद्र शासनाचा नियम आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल: कार्यालयीन प्रवासातून मिळालेले गुण कार्यालयीन प्रवासासाठीच वापरावयाचे, खासगी प्रवासासाठी वापरल्यास विभागीय कार्यवाही. पण मी निवृत्त झालो होतो. मला विचारणारे कोणी नव्हते. गुण माझ्या नावावर होते, त्यांची मुदत संपत आली होती, आणि सरकार ते कधी मागणार नाही हे मला पक्के ठाऊक होते.

माझ्या मनाने तत्काळ वकीलपत्र घेतले. हे गुण माझ्या झोपमोडीतून आले आहेत. मध्यरात्रीची विमाने, परक्या गावांतले ताप, मुलीच्या चुकलेल्या परीक्षा आणि वाढदिवस, यांचा मोबदला सरकारने कधी दिला? कंपनीने दिला असेल तर तो माझाच आहे. शिवाय मी न वापरल्याने सरकारच्या तिजोरीत एक पैसाही पडणार नाही. गुण केवळ विरून जातील. मी ते सोडले तर लाभ कोणाचा? त्या विमान कंपनीचा. म्हणजे माझ्या सचोटीने एका व्यापाऱ्याचे हित होणार! युक्तिवाद मला इतका बिनतोड वाटला, की मी जवळजवळ तिकीट काढले होते.

मला अडविले ते एका जुन्या आठवणीने. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली एक लिपिक होता. कार्यालयासाठी कागद, शाई, पाकिटे आणण्याचे काम त्याच्याकडे होते. दुकानदार त्याला दर खरेदीमागे थोडीशी रक्कम देत असे. दर बाजारभावाचेच होते, माल चांगला होता, कार्यालयाचे एका पैचे नुकसान झाले नव्हते. तरी मी त्याच्यावर ज्ञापन बजावले आणि त्याची वेतनवाढ रोखली. माझ्या टिप्पणीतले तर्कट मला आजही आठवते: खरेदीदार दुसऱ्याच्या पैशाने खरेदी करतो तेव्हा विक्रेत्याने दिलेली सवलत पैसे देणाऱ्याची असते, निवड करणाऱ्याची नसते. त्या लिपिकाने उत्तरात लिहिले होते, की तो सामान स्वतःच्या सायकलवर उन्हातून आणत असे आणि त्याचे भाडे त्याला कोणी देत नव्हते. मी ते उत्तर असमाधानकारक ठरविले.

त्याची सायकल आणि माझी मध्यरात्रीची विमाने यांत काय फरक होता? मी त्या दोन्ही गोष्टी पुष्कळ वेळ शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. फरक एकच सापडला: रकमेचा. त्याची रक्कम लहान होती आणि माझी मोठी. विमान कंपनी गुण देते ते माझ्या श्रमांबद्दल नव्हे; पुढच्या वेळी सरकारी पैशाने मी तिचेच तिकीट काढावे म्हणून. ज्याला आपण दुकानदाराच्या बाबतीत दलाली म्हणतो त्यालाच आकाशात निष्ठेचे गुण म्हणतात. आता त्या लिपिकाची वेतनवाढ मला परत देता येत नाही. निदान त्याला लावलेला न्याय स्वतःला लावणे एवढे माझ्या हाती होते. मी गुण तसेच राहू दिले, आणि मुदत संपली तेव्हा ते गेले. यात थोरपणा काही नाही. तिकीट न काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मला पश्चात्तापही झाला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

त्यानंतर आम्ही मागच्या वर्गाची दोन स्वतंत्र तिकिटे काढली आणि पुढच्या एका रिकाम्या आसनासाठी बोली लावली. दोन बोलींइतके पैसे नव्हते. निघण्याच्या दोन दिवस आधी बोली मान्य झाल्याचे कळले. मी आनंदाने पत्नीला सांगितले. ती म्हणाली, “अहो, त्यापेक्षा तुम्हीच बसा ना पुढे. तुम्हाला सवय आहे त्याची. आणि मला मागे बसायची सवय आहे.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते मला लागले. २०११ साली जिनिव्हाच्या एका परिषदेला मी गेलो होतो तेव्हा ती स्वखर्चाने बरोबर आली होती. नियमाप्रमाणे मला बिझनेस वर्ग होता. तिचे तिकीट आम्ही आमच्या पैशाने मागच्या वर्गाचे काढले होते. त्या रात्री मी पाय पसरून झोपलो आणि ती बसून राहिली. जेवणानंतर मी हवाई सेविकेच्या हाती तिला चॉकलेटे पाठविली होती आणि आपण प्रेमळ पती असल्याचे समाधान मानले होते. मी माझे आसन तिला देऊ शकलो असतो, निदान तसे विचारू शकलो असतो. पण आसन माझे नव्हते, माझ्या पदाचे होते, आणि मी पदाशी इतका एकरूप झालो होतो की तो विचारही मला शिवला नाही. उरलेले भाडे कोण भरतो, हा प्रश्न मी सरकारी तिजोरीपुरता विचारला होता. माझ्या घरात ते भाडे कोण भरत आले, हे मला त्या एका वाक्याने कळले. दौऱ्यांच्या काळात घर, आजारपणे, मुलीचे शिक्षण सांभाळणारी ती मागच्या आसनावरच बसली होती, आणि माझ्या पुढच्या आसनाचा मोठा हिस्सा तिने भरला होता.

“अगं, डॉक्टरांनी तुला झोपायला सांगितलंय, मला नाही,” एवढेच मी म्हणालो. त्याहून अधिक बोलणे जमले नाही.

ती पुढे गेली, मी मागे राहिलो. सोळा तासांत माझे गुडघे आखडले. शेजारी पंजाबातले एक वृद्ध गृहस्थ होते. नातवाला पाहण्यास प्रथमच निघालेले. त्यांना अर्ज भरता येत नव्हता, तो मी भरून दिला. पुढच्या वर्गात इतकी वर्षे बसून मला शेजाऱ्याचे नाव क्वचितच कळले होते. याचा अर्थ मागचा वर्ग पुण्यवान आणि पुढचा पापी असा मात्र नाही; तसे म्हणणे म्हणजे अरुंद आसनाला अलंकार घालणे होय. महात्मा गांधींना १८९३ साली पीटरमॅरिट्झबर्गच्या स्थानकावर उतरविले गेले तेव्हा त्यांच्या खिशात पहिल्या वर्गाचे तिकीट होते, आणि त्या तिकिटाच्या हक्कासाठी ते भांडले. पुढे त्यांनी तिसरा वर्ग स्वतः होऊन पत्करला आणि १९१७ साली त्याच्या दुरवस्थेविषयी पुस्तिका लिहिली. तिसऱ्या वर्गात बसूनही त्यांनी त्याची घाण सुंदर मानली नाही. हक्क आणि त्याग यांचा हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे: जो मान आपला आहे तो सोडता येतो, जो कधी आपला नव्हताच तो सोडण्याचा प्रश्न येत नाही, तो केवळ परत करावयाचा असतो.

आपल्यासारख्या पदस्थांचा मान बहुतांशी या दुसऱ्या प्रकारचा असतो. शासनाच्या २०१७ च्या नियमांत परदेशप्रवासासाठी कोणत्या वेतनस्तराला कोणता वर्ग हे क्रमवार लिहिले आहे. त्यात आपले नाव कोठेही नाही, केवळ स्तराचा आकडा आहे. २०१४ साली काटकसरीच्या आदेशाने पहिल्या वर्गाची तिकिटे काढू नयेत असे ठरले, तेव्हा एका कागदाने तो मान गेला. एका कागदाने येणारे आणि जाणारे ते आसन आपण स्वतःचे समजतो, आणि निवृत्त झाल्यावर बाजारात ते स्वस्तात शोधत फिरतो.

परत आल्यावर मी पुन्हा टेकडीवर फिरू लागलो. जेथे एके काळी फ्रेझरचा, आणि पुढे बायजाबाईंच्या भावाचा थाट होता, तेथे आता सामान्य वॉर्डातल्या खाटा आहेत. आत येणाऱ्याला कोणी वर्ग विचारीत नाही. कोठे दुखते ते विचारतात आणि पाठ टेकावयास जागा देतात. विमानातली ती जागा मिळविण्यासाठी मी दोन महिने जी खटपट केली, तिच्यातला शरीराच्या गरजेचा भाग फार थोडा होता, आणि तो एका बोलीने भागला. बाकीचा भाग माझ्या गेलेल्या पदाचा होता. त्याचे भाडे आता कोणीही भरू नये, मीसुद्धा नाही, असे मला वाटते.

पत्नीला मी नंतर विचारले, पुढे कसे वाटले? ती म्हणाली, “झोप छान लागली हो. पण जेवण फार वेळ चालतं त्यांचं.”